डॉक्टरांनाच शंका होती म्हणतात, ती कोणती शंका?



कोरोना मागे पडला, पण गावात लसीचा विषय निघाला की तो अजूनही मध्ये येतो. बाळाची गोवर-रुबेलाची लस असो, की मुलींसाठीची गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची लस असो, गटाच्या सभेत कोणीतरी म्हणतंच, "मोठे मोठे डाक्टरच तवा लस घ्याले भेत होते, मंग आपून काहून घ्याची?"

हे बोलणं साफ खोटं असतं तर केव्हाच विरून गेलं असतं. त्यात अर्धं खरं आहे, म्हणून ते टिकून आहे. त्या काळात मेडिकल कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक, संशोधन करणारे शास्त्रज्ञ, डॉक्टरकी शिकणारी पोरं, यांच्यातल्या काहींनी खरंच शंका काढल्या होत्या. पण कोणत्या लसीबद्दल, कोणत्या महिन्यात, आणि पुढं त्यांनी काय केलं, हे आपल्यापर्यंत आलंच नाही. तेवढंच या लेखात सांगायचं आहे.

आधी जानेवारी २०२१ आठवा. ३ जानेवारीला सरकारने दोन लसींना मंजुरी दिली. एक कोविशील्ड, इंग्लंडच्या ऑक्सफर्ड विद्यापीठाने शोधलेली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली. दुसरी कोव्हॅक्सिन, हैदराबादच्या भारत बायोटेकने आयसीएमआर आणि पुण्याच्या विषाणू संस्थेसोबत तयार केलेली. शंकेचा धागा या दुसऱ्या लसीपाशी सुरू होतो. लसीची चाचणी कशी होते हे माहीत असलं तरच ती शंका समजते.

आपण सोयाबीन पेरण्याआधी घरचं बियाणं कसं तपासतो? शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं म्हणतो. पण गोणपाटात उगवलं म्हणजे एकरी उतारा चांगला येईलच असं कोणी लिहून देत नाही. ते कळायला बियाणं बऱ्याच शेतांत, हलक्या-भारी जमिनीत पेरून पाहावं लागतं. लसीचंही असंच तीन टप्प्यांत चालतं. पहिल्या टप्प्यात थोड्या लोकांना देऊन ती सुरक्षित आहे का हे पाहतात. दुसऱ्यात जास्त लोक घेऊन शरीरात रोगाशी लढायची ताकद तयार होते का हे तपासतात. तिसऱ्यात हजारो लोक घेतात, अर्ध्यांना खरी लस आणि अर्ध्यांना नुसतं पाणी म्हणा असं काहीतरी टोचतात, आणि मग दोन्हीकडं किती जण आजारी पडले ते मोजतात. एकरी उतारा म्हणतो तो इथं कळतो.

कोविशील्डचा असा उतारा परदेशातल्या चाचण्यांमधून हाती आला होता. भारतात १६०० लोकांवर वेगळी चाचणी झाली होती. ती १७ ठिकाणी झाली आणि त्यात नागपूरचं मेडिकल आणि आपल्या लाईनवरचं सेवाग्रामचं मेडिकल कॉलेजही होतं. धामणगावहून आपण ज्या दवाखान्यात जातो, त्याच्याच आवारात. कोव्हॅक्सिनचे पहिले दोन टप्पे चांगले निघाले होते, पण तिसरा चालू होता. त्यात २५ हजारांवर लोक घ्यायचे होते आणि निकाल अजून यायचा होता. तरी मंजुरी मिळाली, आणि ती देताना कागदावर "चाचणीच्या स्वरूपात" असं लिहिलं गेलं. मग शास्त्रज्ञांनी विचारलं की उतारा हाती यायच्या आधी मंजुरी कशी काय? वेल्लोरच्या विषाणूतज्ज्ञ डॉ. गगनदीप कांग यांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. या बाई लसीच्या विरोधक आहेत असं कोणी म्हणू शकत नाही. लहान मुलांच्या जुलाबावरची रोटाव्हायरस लस आपल्या देशात तयार झाली, त्या कामात त्यांचा मोठा वाटा आहे. लसीसाठी आयुष्य घालवलेली बाई पुरावा मागत होती.

१६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं. पहिला नंबर आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता: डॉक्टर, नर्सबाई, आपल्या आशाताई, अंगणवाडी सेविका. त्याच दिवशी दिल्लीच्या राममनोहर लोहिया हॉस्पिटलच्या निवासी डॉक्टरांनी पत्र लिहिलं की आम्हाला कोव्हॅक्सिनऐवजी कोविशील्ड द्या. आपल्या राज्यात कोव्हॅक्सिन सुरुवातीला फक्त सहा ठिकाणी दिली गेली आणि त्यातलं एक अमरावती होतं. ती घेणाऱ्याकडून आधी संमतीपत्रावर सही घेत. पहिल्या दिवशी महाराष्ट्रात २८,५०० जणांना लस द्यायचं ठरलं होतं, आले १८ हजारांवर. त्यात कोविन ॲपनेही गोंधळ घातला. अनेकांना निरोपच गेले नाहीत आणि राज्यात दोन दिवस काम थांबवावं लागलं. म्हणजे जे आले नाहीत ते सगळे घाबरून घरी बसले असं म्हणणं बरोबर नाही. पण टीव्हीवर "डॉक्टरच आले नाहीत" एवढंच दिसलं आणि तेच गावोगाव पोहोचलं.

डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरांचं काय? फेब्रुवारी आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात २२ राज्यांतल्या १०६८ मेडिकल विद्यार्थ्यांना विचारलं गेलं. त्यातले साधारण दर शंभरी दहा-अकरा जण कचरत होते. लस खरंच काम करेल का, सुरक्षित आहे का, चाचणी घाईत तर उरकली नाही ना, अशी त्यांची कारणं होती. सरकारी यंत्रणेवर विश्वास नाही हेही एक कारण होतं. उलटं वाचलं तर शंभरातले जवळपास नव्वद जण बाही वर करून तयार होते. आपल्याकडं दहांची गोष्ट आली आणि नव्वदांची राहूनच गेली.

मग निकाल आला. ३ मार्च २०२१ ला कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याचे पहिले आकडे जाहीर झाले, ८१ टक्के परिणाम. आठवडाभरात मंजुरीवरची "चाचणीच्या स्वरूपात" ही अट निघाली. नोव्हेंबरात पूर्ण हिशेब छापून आला, तो ७७.८ टक्के निघाला. शंका पुराव्याच्या अभावाची होती. पुरावा आल्यावर ती बरीचशी विरली. मला विचाराल तर, प्रश्न विचारणाऱ्यांनी लसीचं नुकसान केलं नाही. निकाल दोन महिने आधी न थांबता मंजुरी द्यायची घाई केली, त्याने जास्त नुकसान केलं. लोकांच्या मनात एकदा किंतु बसला की तो काढायला वर्षं लागतात, आपण तेच पाहतोय.

त्या दिवसांत आपल्या जिल्ह्यात काय चाललं होतं हे तुम्हाला सांगायला नको. फेब्रुवारीत अमरावतीत रुग्ण एकदम वाढले आणि २२ तारखेपासून अमरावती आणि अचलपुरात पुन्हा लॉकडाऊन लागला. बाकी महाराष्ट्र अजून सैल होता, आपण आधीच बंद झालो होतो. शंका घ्यायला वेळ कमी होता आणि ती घ्यावीशी वाटावी इतकं सगळं अंगावर येत होतं.

लस घेतलेल्या डॉक्टर-नर्सांचं पुढं काय झालं, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने मोजून ठेवलं. तिथल्या १०,६०० कर्मचाऱ्यांपैकी ८,९९१ जणांनी एप्रिलअखेरपर्यंत लस घेतली होती. दुसरी लाट त्यांच्याच वॉर्डातून गेली. दोन्ही डोस घेतलेल्यांमध्ये, न घेतलेल्यांच्या तुलनेत, दवाखान्यात भरती व्हायची वेळ ७७ टक्क्यांनी कमी आली आणि आयसीयूत जायची ९४ टक्क्यांनी. लस घेऊनही काहींना कोरोना झाला, हे त्यांनी लपवलं नाही. "लस घेतली तरी झालाच ना" असं आपण म्हणतो, त्याचं उत्तर याच आकड्यांत आहे. झाला, पण ऑक्सिजनपर्यंत जायची वेळ फार कमी जणांवर आली.

आता जिथं आपला, बायकांचा, थेट संबंध येतो त्या गोष्टीकडं येते.

लसीकरण सुरू झालं तेव्हा गरोदर आणि दूध पाजणाऱ्या बायकांना लस द्यायची नाही असं सांगितलं गेलं. ती वाईट आहे असं सिद्ध झालं होतं म्हणून नाही. चाचण्यांमध्ये गरोदर बायकांना घेतलंच नव्हतं, म्हणून माहितीच नव्हती. औषधांच्या बाबतीत हे नेहमीचं आहे. बाईचं शरीर, त्यात पोटुशी, म्हणजे भानगड नको. पण आजार तर तिला सोडत नव्हता. जून २०२१ मध्ये आयसीएमआरने सांगितलं की पहिल्या लाटेत कोरोना झालेल्या गरोदर आणि बाळंतीण बायकांमध्ये दर हजारी सात दगावल्या, दुसऱ्या लाटेत सत्तावन्न. हा आकडा परत वाचा. पहिल्यापेक्षा आठपट. देशातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फॉग्सी या संघटनेने सरकारच्या आधी भूमिका घेतली की धोका आणि फायदा तोलला तर गरोदर बाईला लस मिळायला हवी. दूध पाजणाऱ्या आयांना १९ मे रोजी परवानगी मिळाली, गरोदर बायकांना २ जुलैला. म्हणजे इथं तज्ज्ञ मंडळी मागं खेचत नव्हती, पुढं ढकलत होती. "डॉक्टर लसीच्या विरोधात होते" म्हणणाऱ्याला हे सांगून पाहा. आणि त्या मधल्या महिन्यांत आपल्या किती लेकी-सुना विनालस बाळंत झाल्या, हे ज्या-त्या गावाला ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट पाळीची. एप्रिल २०२१ मध्ये एक मेसेज मोबाईलवर फिरला: पाळीच्या पाच दिवस आधी आणि पाच दिवस नंतर लस घेऊ नका, त्या दिवसांत प्रतिकारशक्ती कमी असते. तो खोटा होता आणि सरकारनेही तो खोटा असल्याचं लगेच जाहीर केलं. पाळीत लस घ्यायला काहीच हरकत नाही. पण त्याच वेळी जगभरच्या बायका एक वेगळी गोष्ट सांगत होत्या. लस घेतल्यावर पाळी लांबली, अंगावरून जास्त गेलं. बऱ्याच ठिकाणी त्यांना ऐकावं लागलं की हे टेन्शननं होतं, मनाचे खेळ आहेत. तुम्हालाही कोणी असं म्हटलं असेल.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या प्राध्यापिका केट क्लॅन्सी यांना लसीनंतर स्वतःलाच जास्त रक्तस्राव झाला. त्यांनी ते मोकळेपणानं लिहिलं आणि बाकीच्या बायकांना विचारलं, तुम्हालाही झालं का? उत्तरांचा पूर आला. ३९ हजारांवर लोकांच्या उत्तरांचा अभ्यास २०२२ मध्ये छापून आला. ज्यांची पाळी नियमित होती त्यांच्यातल्या शंभरी बेचाळीस जणींनी जास्त गेल्याचं सांगितलं, शंभरी चव्वेचाळीस जणींना काहीच फरक जाणवला नव्हता. इथं एक सावध गोष्ट लक्षात ठेवायची. अशा पाहणीत ज्यांना त्रास झाला त्याच पुढं येऊन जास्त सांगतात, त्यामुळं बेचाळीस हा आकडा सगळ्या बायकांना लावता येत नाही. दुसऱ्या एका अभ्यासात जवळपास ४ हजार बायकांच्या पाळीच्या आधीपासून ठेवलेल्या नोंदी पाहिल्या. लसीनंतर पाळी सरासरी एका दिवसापेक्षाही कमी लांबली आणि पुढच्या एक-दोन पाळ्यांत जागेवर आली. या अभ्यासांत बहुतेक परदेशी लसी होत्या, हेही सांगितलं पाहिजे. पण मुद्दा असा की बायका खोटं बोलत नव्हत्या, आणि घाबरण्यासारखंही काही नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. आणि हे सगळं शोधणाऱ्या बाई लस घ्या असंच सांगत होत्या. शंका घेणं आणि लस घेणं हे एकाच माणसात राहू शकतं.

रक्ताच्या गाठीची गोष्ट थोडक्यात. मार्च २०२१ मध्ये युरोपातल्या काही देशांनी ऑक्सफर्डची लस काही दिवस थांबवली, कारण लसीनंतर काही थोड्या लोकांच्या रक्तात गाठी झाल्या होत्या. इंग्लंडने तरुणांना दुसरी लस द्यायचं ठरवलं. आपल्याकडं तज्ज्ञांच्या समितीने तपासून मे २०२१ मध्ये सांगितलं की कोविशील्डच्या दर दहा लाख डोसांमागं अशा शक्यतेच्या घटना ०.६१ आहेत. म्हणजे साधारण सोळा-सतरा लाख डोसांत एक. धोका होता, तो मोजला गेला आणि जाहीर झाला. तीन वर्षांनी, मे २०२४ च्या सुमारास, "कंपनीने कोर्टात कबूल केलं" अशी बातमी आली आणि पुन्हा घबराट झाली. तोवर हे सगळं तीन वर्षं जुनं होतं. असा त्रास होतो तो लसीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतो. तेव्हा घेतलेल्या लसीनं आता काही होईल, या भीतीने झोप घालवायचं कारण नाही.

शिकलेल्या माणसांनी लसीला घाबरणं, आणि लसीसाठी स्वतःचा दंड पुढं करणं, हे आपल्या राज्यात सव्वाशे वर्षांपासून चालू आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत लस बनवत होते. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना दिली (आजच्या नियमांत कैद्यांवर असं सहज करता येत नाही, आणि ते बरंच आहे). पुढं १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात लस दिल्यावर १९ माणसं धनुर्वातानं मेली. दोष हाफकिन यांच्यावर आला, त्यांचं काम थांबलं. चौकशीला वर्षं लागली. सगळी माणसं एकाच बाटलीतली लस घेतलेली होती आणि घाण त्या एका बाटलीत, उघडताना, शिरली होती. लस चुकीची नव्हती, हाताळणी चुकली होती. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. मुंबईत परळला त्यांच्या नावाची संस्था आजही आहे. आपल्या उपकेंद्रात नर्सबाई प्रत्येकीसाठी नवी सुई फोडते आणि लस बर्फाच्या डब्यातच ठेवते, ती अशा अनुभवांतून आलेली शिस्त आहे. ती पाळली जाते का हे पाहायचा हक्क तुम्हाला आहे.

सगळेच शिकलेले मात्र एका माळेचे मणी नसतात. कोरोनात काही डॉक्टर मोबाईलवरून असंही सांगत होते की लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो. नावापुढं पदवी, मागं पुस्तकांचं कपाट, बोलणं खणखणीत. ओळखायचं कसं? डॉ. कांग म्हणत होत्या, निकाल दाखवा. म्हणजे काय दाखवलं की त्यांचं समाधान होईल, हे त्या सांगत होत्या. दोन वर्षांत मरणार म्हणणाऱ्याला विचारा, तुमचं म्हणणं चुकीचं ठरायला काय दिसायला हवं? तो विषय बदलतो. शिवाय हाडांचा डॉक्टर लसीवर बोलत असेल तर तो आपल्यासारखाच बाहेरचा माणूस आहे, फक्त पांढऱ्या कोटातला. तुमच्या विहिरीची मोटर दुरुस्त करणाऱ्याला तुम्ही कपाशीची बोंडअळी दाखवता का?

आणि दुसऱ्या टोकाचेही असतात. "काहीच होत नाही, उगा प्रश्न नका विचारू, लाईनीत लागा." शिबिरात असं बोलणं अनेकींनी ऐकलं आहे. असं बोलणारा मनात लसीच्या बाजूचा असतो, पण काम विरोधकाचं करतो. ताप येतो, हात दुखतो, एखाद दिवस अंग कसकसतं, हे आधी सांगितलं तर बाई दुसऱ्या दिवशी शेतात कामाला जायचं का नाही ते ठरवू शकते. मजुरी बुडते तिची. न सांगता टोचलं आणि रात्री ताप चढला, तर शेजारच्या चार घरी तीच बातमी जाते.

तेव्हा पुढच्या सभेत लसीचा विषय निघाला, की आशाताईला किंवा नर्सबाईला बोलवून घ्या आणि सरळ विचारा: ही लस कोणत्या आजारावर आहे, कोणत्या वयात द्यायची, तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली का, गरोदर किंवा दूध पाजणारी असेल तर चालते का, आधीचा कोणता आजार असेल तर डॉक्टरला विचारून घ्यायची. उत्तर त्यांना लगेच माहीत नसेल तर "पीएचसीच्या डॉक्टरांना विचारून सांगते" हे उत्तरही चांगलं आहे. तारीख लिहून ठेवा आणि पुढच्या सभेत पुन्हा विचारा, हप्त्याचा हिशेब विचारतो तसा.

लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रावरच बसा, मुलं रडत असली तरी. घरी आल्यावर श्वासाला त्रास, अंगभर चट्टे, झटके, न उतरणारा ताप, न थांबणारी डोकेदुखी असं काही झालं तर त्याच दिवशी उपकेंद्रात कळवा, रात्र असेल तर १०८ ला फोन करा. लसीनंतरचा असा त्रास नोंदवायचा वेगळा फॉर्म सरकारी यंत्रणेत असतो. तो भरला का, हे नर्सबाईला विचारा. ०.६१ चा आकडा निघाला, तो कोणीतरी कुठंतरी असाच फॉर्म भरला होता म्हणून.